लासो मावशीची बादली

तुमच्या गावच्या बैठकीची, म्हणजे सभा आणि वर्ग भरतात त्या इमारतीची, भिंत शेवटची कुणी रंगवली, सांगता येईल? आमच्या मॉरिशसमधल्या सुरिनाम गावच्या बैठकीचं मला सांगता येतं, म्हणून विचारतो.

इथल्या क्रेओल बोलीत चुन्याला लासो म्हणतात. मावशी साखर कारखान्यात चुन्याच्या शेडवर होती. उसाचा रस निवळायला त्यात चुन्याचं पाणी घालतात, ते कालवायचं तिचं काम. म्हणून ती लासो मावशी. घरी आली की दारातल्या झाडाचं लिंबू कापून भेगाळलेल्या हातांवर चोळायची. "झोंबतं, पण चुना निगतो," म्हणायची.

चुन्याचा खडा तिच्याकडे वाया जात नसे. पानाला, न्हाणीच्या भिंतीला, मुंग्या चढू नयेत म्हणून फणसाच्या बुंध्याला. एकदा मी शब्दकोश उघडून सांगितलं, इंग्रजीत चुन्याला आणि लिंबाला एकच शब्द, लाइम. वर थंड देशातल्या एका झाडालाही तोच. ती हसली. "गोऱ्यानं कवा हात भाजून घेतला न्हाई बग. न्हाईतर दोन नावं ठेवली असती."

बैठकीत संध्याकाळी मराठीचा वर्ग भरे. मुलांच्या मागच्या बाकावर पन्नाशीची मावशी पाटी घेऊन बसायची. तिला एकच हवं होतं: कारखान्याच्या वहीत अंगठ्याऐवजी आपलं नाव, भागीरथी. ती 'भागी'पर्यंत पोचली आणि इस्टेटीचं, म्हणजे साखर कारखान्याच्या मालकांचं, पत्र आलं. जागा इस्टेटीची आहे, इमारत पडीक आहे, सोमवारी साहेब पाहायला येतील, मग तिथे गोदाम होईल.

मी वीस वर्षांचा होतो. दोन पानांचं जळजळीत पत्रक लिहिलं आणि मावशीला वाचून दाखवलं. तिने शेवटपर्यंत ऐकलं. "झ्याक लिवलंस. सायबाला मराठी येतं?" मग माझ्या हातात बादली दिली.

शनिवारी ड्रममध्ये चुन्याचे खडे टाकले, पाण्याला उकळी फुटली. रविवारी घायपाताचे कुंचे घेऊन सगळी वस्ती भिंतीला भिडली. त्या भिंतीवर मी वर्षभर चिकटवत आलेली पत्रकं मावशीने आधी खरवडायला लावली.

सोमवारी साहेब आला तो वर्गाच्या वेळीच. त्याने क्रेओलमध्ये विचारलं, ही जागा वापरतं कोण? मावशी मागच्या बाकावरून उठली. "नू," म्हणाली. आम्ही. आणि पाटी पुढे धरली. साहेबाने भिंतीवर हात टेकला, तळवा पांढरा झाला. तो रुमालाने पुसत बाहेर गेला. पडीक म्हणावं असं तिथे काही उरलं नव्हतं. गोदामाचं पत्र पुन्हा आलं नाही.

पत्रकं मी अजून लिहितो, त्यांची गरज संपलेली नाही. पण बादली आधी भरतो.

गेल्या वर्षी मावशी मुलाकडे, इथल्याच फिनिक्स शहरात, राहायला गेली. जाण्याआधी वर्गाच्या वहीत तिने सही केली. भागीरथी. 'थी' ओळीखाली घसरली होती. कुंचा मला देत म्हणाली, "वर्सातनं एकदा. इसरू नको."

तुमच्याही गावची बैठक काळवंडली असेल. या रविवारी बादली घेऊन जा. आणि वर्ग सुरू कराल तेव्हा मागच्या बाकावर एक जागा मोकळी ठेवा.