ब्रेकमास्तर मेश्राम

ब्रेकमास्तर मेश्राम गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघत नसत. गाडी शेडमध्ये आली की दार उघडून ते आधी आत वाकायचे आणि ब्रेकच्या पेडलवरचं रबर अंगठ्याने चाचपायचे. रबर एका कडेने झिजलेलं असलं तर "घाईचा माणूस", गुळगुळीत झालेलं असलं तर "भित्रा", आणि अगदी कोरं असलं तर "हा थांबतच नाही वाटते." एवढा पंचनामा झाल्यावर मग मान वर न करताच विचारायचे, "बोला जी, काय बिघडवलं?"

बिबवेवाडीत त्यांची पत्र्याची शेड होती. मार्केट यार्डात माल आणणाऱ्या टेम्पोंचे ब्रेक करणं हा मूळ धंदा. तरुणपणी भंडाऱ्याकडून इथे कारखान्यात नोकरीला आले, ब्रेक तपासायच्या खात्यात हात बसला, आणि नोकरी सुटल्यावर शेड टाकली. तीस वर्षं पुण्यात काढूनही त्यांच्या बोलण्याला पुणं शिवलं नव्हतं. खवचटपणा मात्र त्यांनी आमच्याकडून पुरेपूर उचलला होता, किंवा येतानाच घेऊन आले असतील. टेम्पोवाला आला की त्याला चहा मिळे. आम्हा आयटीवाल्यांना उभं राहावं लागे. मी एकदा तक्रार केली तर म्हणाले, "त्याच्या मागं दोन टन कांदा आहे. तुमच्या मागं काय आहे, लॅपटॉप?"

खरं सांगायचं तर आम्ही होतोच त्या लायकीचे. वडिलांनी जन्मभर स्कूटर तिरकी करून चालू केली, आणि आमच्या हातात तिशीच्या आत गाडीची किल्ली आली. मी तर वापरलेली, पण बेफाम पळणारी जर्मन गाडी घेतली होती. ती रोज सकाळी हिंजवडीच्या रांगेत पहिल्या गिअरमध्ये मुंगीसारखी सरकायची, आणि संध्याकाळी त्याच वेगाने वारज्याला परत यायची. तरीही मी तिचा सायलेन्सर बदलला, चाकं बदलली, स्प्रिंगा बदलल्या. कॅन्टीनमध्ये आमची टोळी या विषयावर तासन्‌तास बोलायची आणि त्यातल्या एकालाही स्टेपनी बदलता येत नव्हती. मास्तर आमच्या गाड्यांचा आवाज ऐकून म्हणत, "पळते तं म्हैसही. सांगितल्यावर थांबते का?"

दसऱ्याला मी गाडीला हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवून ते चिरडलं आणि तशीच गाडी त्यांच्याकडे नेली. मास्तर बौद्ध. शेडमध्ये बुद्धाची एक लहानशी मूर्ती होती, लिंबू-मिरची मात्र कधी टांगलेली दिसली नाही. टायरला चिकटलेली लिंबाची साल त्यांनी पान्याच्या टोकाने काढून माझ्यापुढे धरली. "लिंबू चिरडलं, म्हणजे चाक फिरते हे समजलं. लिंबाच्या अलीकडं थांबते का, ते पाहिलं का?" मी हसलो, कारण तेव्हा मला ते विनोदी वाटलं.

मग माझ्या डोक्यात ब्रेकच्या नळ्यांनी घर केलं. साध्या गाडीत ब्रेकचं तेल चाकापर्यंत नेणारी शेवटची नळी रबराची असते. जोरात पाय दाबला की ती किंचित फुगते, म्हणून शर्यतीच्या गाड्यांना स्टीलच्या जाळीने विणलेल्या नळ्या लावतात, हे ज्ञान मी इंटरनेटवरून मिळवलं होतं. अमेरिकेला गेलेल्या एका सहकाऱ्याच्या बॅगेतून चार नळ्या मागवल्या. त्या आल्या त्या दिवशी मी त्या डेस्कवर मांडून सगळ्यांना दाखवल्या. आता आठवलं की मान खाली जाते.

मास्तरांनी माझं व्याख्यान पुरतं ऐकून घेतलं. "रबर फुगते म्हणता?"

"हो, थोडंसं."

"अन् जुनं तेल कधी बदललं?"

मला ते आठवेना. मास्तरांनी ब्रेकच्या तेलाच्या डबीचं झाकण उघडून आत बोट बुडवलं आणि काळं झालेलं बोट माझ्या नव्या शर्टाजवळ आणून दाखवलं. "हे पाहा. गळ्यात सोन्याची साखळी, अन् आंघोळ नाही."

पण काम घेतलं, आणि असं केलं की मी बघत राहिलो. मला पुढच्याच दोन नळ्या बसवायची घाई होती, कारण चाकाच्या फटींतून त्याच दिसतात. त्यांनी चारही बसवल्या. स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून नळी कुठे ताणते, कुठे घासते ते पाहिलं आणि घासणाऱ्या जागी प्लास्टिकचं वेष्टण चढवलं. "ही जाळी नाही जी, करवत आहे. जिथं घासंल तिथं कापंल."

शेवटचं काम हवा काढण्याचं. नळ्या बदलल्या की तेलात हवा शिरते, आणि ती पुरती काढली नाही तर पेडल मऊ पडतं. याला दोन माणसं लागतात. एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने खाली चाकाजवळ पडून एक बोंडी सैल करायची आणि तेलाबरोबर हवा बाहेर गेली की पुन्हा आवळायची. ती आवळेपर्यंत वरच्याने पाय उचलायचा नाही, नाहीतर हवा पुन्हा आत जाते. मास्तरांचा नियम असा होता की पेडलवर गाडीच्या मालकानेच बसायचं. "दाबा. धरा. सोडा." बस्स, तीन शब्द. ऑफिसात वीस माणसांना हुकूम सोडणारा मी, तिथे त्या तीन शब्दांवर हलत होतो.

तीन चाकं झाली. चौथ्याला माझा फोन वाजला. गिऱ्हाईक परदेशातलं, आणि ते फोनवर आलं की आम्ही उभं राहून बोलायचो, अशी आमची निष्ठा. मी फोन घ्यायला वळलो आणि पाय सुटला. लगेच पुन्हा दाबला.

खालून आवाज आला, "धरलंय ना?"

"धरलंय," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी पहाटे बायकोला आणि चार वर्षांच्या मुलीला घेऊन मी त्याच गाडीने महाबळेश्वरला निघणार होतो. पसरणीचा घाट उतरताना मऊ पेडल म्हणजे काय, हे मला तेव्हाही कळत होतं. पण फोन चालू होता, मास्तर म्हणजे अखेर मिस्त्री, आणि मी म्हणजे मी.

मास्तर बाहेर आले, हात पुसले, गाडीत बसले. शेडच्या टोकाला जुन्या टायरांचा ढीग होता. कुठलीही गाडी ते आधी माणसाच्या चालीने त्या ढिगाकडे नेत आणि ब्रेक दाबत. गाडी ढिगाला जाऊन टेकली. ते उतरले आणि प्रथमच त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"पाय काढला होता का?"

"नाही हो, छे."

तेवढ्यात बायको, अनघा, मुलीला घेऊन रिक्षातून उतरली. खरेदीहून थेट माझ्याबरोबर घरी जायचं ठरलं होतं. मास्तर तिला म्हणाले, "बाई, जरा पेडलवर बसता का?" पोरीला मी कडेवर घेतलं आणि बाजूला उभा राहिलो. चारही चाकांची हवा त्यांनी नव्याने काढली. या वेळी गाडी ढिगाच्या वीतभर अलीकडे थांबली. किल्ली त्यांनी अनघाच्या हातात दिली. "यापुढं गाडी तुम्हीच आणत जा. तुमचा पाय चांगला आहे."

"काय झालं हो?" अनघाने वाटेत विचारलं. "म्हातारा विक्षिप्त आहे," मी सांगितलं. तिला ते पटलं, शिवाय पायाची तारीफ आवडलीही होती.

त्यानंतर दहा वर्षं गाडी शेडमध्ये अनघाच नेत असे. मास्तर तिला चहा देत, खुर्ची देत, ब्रेकची माहिती सांगत. तिला आता तेलाचा रंग कळतो, डिस्कची झीज कळते. मी मात्र ऑफिसात माझ्या नळ्यांची फुशारकी मारत राहिलो. मास्तरांचा विषय निघाला की "तऱ्हेवाईक बुवा" म्हणून नक्कल करायचो आणि लोक हसायचे.

मग शेडची जागा गेली. मास्तर भंडाऱ्याला मुलीकडे राहायला निघाले. अनघा म्हणाली, "मी निरोप द्यायला चाललेय, तुम्हीही चला." मी गेलो. शेड रिकामी झाली होती. मास्तर पाने चिंध्यांत गुंडाळून पेटीत ठेवत होते आणि खूप थकलेले दिसत होते. अनघा गाडीतून मिठाईचा पुडा आणायला गेली, तेवढी संधी साधून मी म्हणालो, "मास्तर, त्या दिवशी मी पाय काढला होता."

"माहीत आहे ना जी. खाली मीच होतो."

"चुकलंच माझं."

त्यांनी पाना गुंडाळला, पेटीत ठेवला. "मले कायले सांगता? मले त्याच दिवशी समजलं. गाडीत जे बसणार होते त्यांले सांगा." आणि अनघा आली तशी तिच्याकडे वळून हसले. माझ्याकडे पाहून ते तसं कधीच हसले नव्हते.

परतताना मी गाडी चालवत होतो. मार्केट यार्डाच्या पुढे सिग्नलला थांबलो तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. फोन, पाय, दोनदा बोललेलं खोटं आणि दुसऱ्या दिवशीचा घाट. ती समोर बघत ऐकत होती. सिग्नल सुटला, मागचे हॉर्न वाजवू लागले.

"गाडी बाजूला घ्या," ती म्हणाली.

मी घेतली. तिने हात पुढे केला. मी किल्ली काढून तिच्या हातात दिली आणि वळसा घालून शेजारच्या सीटवर जाऊन बसलो.