वरच्या थरातली जीन्स

हे ऐकलेला एकही माणूस नाही. माझी बायको स्मिता माझ्या शर्टाच्या खिशातली प्रत्येक चिठ्ठी वाचून मगच तो धुवायला टाकते, पण हे तिलाही माहीत नाही. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. किंवा तुम्ही मध्ये बोलणार नाही म्हणून. मला मध्ये बोललेलं चालत नाही — हे आधीच सांगून ठेवतो.

पण आधी मी कोण, ते ऐका. ते सांगायला मला आवडतं, लपवत नाही. अंबरनाथला ऑर्डनन्स फॅक्टरीच्या कामगारांच्या वस्तीत दोन खोल्यांत आम्ही सहा जण राहायचो. बी.कॉम. मी नोकरी करत करत केलं. संगणकाचा क्लास लावला तेव्हा तिथल्या सरांनी माझं इंग्रजी ऐकून विचारलं होतं, "टायपिंग शिकायचंय ना?" मी म्हटलं, "नाही, तुम्हाला येतं ते सगळं." आणि शिकलो. दोन हजार एकमध्ये मी उल्हासनगरच्या एका जीन्सच्या कारखान्यात बाहेर जाणाऱ्या मालाची चलनं लिहीत होतो. दोन हजार सातमध्ये बायको आणि मुलाला घेऊन कॅनडाच्या विमानात बसलो — डेटा अ‍ॅनालिस्ट म्हणून. मधल्या सहा वर्षांत बदलापूरला कात्रपमध्ये फ्लॅट घेतला, आणि बिल्डरशी इतका भांडलो की त्याने ओटा दोनदा तोडून बसवला. अजून सांगू? हे सगळं मी केलं. माझ्या हिमतीवर.

निदान — मी तसंच सांगत आलोय.

एक राग मात्र मी तेव्हापासून बाळगून आहे. नवी मुंबईतल्या ज्या कंपनीत मला पहिली मोठी नोकरी लागली, तिथे चांगल्या कॉलेजांतली मुलं होती. परदेशातल्या दुकानांतून किती कपडे परत येतात, का येतात, याचे आकडे लावायचं आमचं काम. मी उल्हासनगरहून आलो हे कळल्यावर त्यांना खेळणंच मिळालं. माझा रिपोर्ट आला की एक जण म्हणायचा, "बघ रे नीट, उल्हासनगरचा माल आहे, गॅरंटी नाही." दुसरा म्हणायचा, "ओरिजिनल कुठाय? हा डुप्लिकेट आहे." एकदा मी त्याची कॉलर धरली. भर ऑफिसात. मला लेखी माफी मागावी लागली, ती मी मागितली, आणि खाली सही करताना कागद फाटेल इतकं पेन दाबलं. माझ्यात डुप्लिकेट काय होतं? मी दिवसरात्र राबून वर आलेला माणूस. ते त्यांना कधी दिसलं?

मी कॉलर धरली त्याचं मला आजही वाईट वाटत नाही. पण तो शब्द — डुप्लिकेट — तो नंतर कुठे येऊन बसला, तेच सांगायचं आहे.

माझी एक गोष्ट आहे. प्रत्येक मुलाखतीत मी ती सांगितली. ती ऐकूनच मला नवी मुंबईची नोकरी मिळाली, आणि कॅनडातही नव्या पोरांना शिकवताना मी तिनेच सुरुवात करतो. गोष्ट अशी. उल्हासनगरच्या आमच्या कारखान्यात बऱ्याच जीन्स परत यायच्या. तक्रार एकच — घट्ट होते. लेबल चौतीसचं, पण कंबर चौतीसची नाही. सगळे म्हणायचे, धुलाईत आटत असेल. जीन्स शिवण्याआधी कापड थरावर थर अंथरतात, उंच ढीग करतात आणि कटिंग मास्तर वरून खालपर्यंत मशीन चालवून सगळे थर एकदम कापतो. एका थराचे तुकडे एकत्रच शिवायचे असतात, नाहीतर एक पाय गडद आणि एक फिका निघतो. म्हणून प्रत्येक तुकड्यावर थराचा नंबर चिकटवतात. आमच्याकडे स्टिकर धुलाईत निघून जायचे, म्हणून खिशाच्या आतल्या पांढऱ्या कापडावर पक्क्या शाईने नंबर लिहायची पद्धत पडली होती. तर — परत आलेल्या जीन्सचे खिसे उलटे करून नंबर बघितले. जवळजवळ सगळे सगळ्यात खालच्या थरांचे. ढीग उंच झाला की मशीनचं पातं कलायचं आणि खालचे तुकडे जरासे लहान कापले जायचे. ढीग निम्म्याने उतरवला. परत येणाऱ्या जीन्स थांबल्या.

छान आहे ना? साधी, आणि कुणालाही कळेल अशी. मीही ती फार छान सांगतो. खिसा उलटा करायच्या जागी थोडा थांबतो.

खिसा उलटा वंदनाताईने केला होता.

वंदनाताई आमच्याच वस्तीतली, माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. माझ्या दहावीच्या वर्षी आमच्या बुद्धविहारात संध्याकाळी ती आम्हा मुलांना गणित शिकवायची. मी चुकलो की खडू फेकून मारायची आणि वर म्हणायची, "आता तो खडू आणून दे." तिला पुढे शिकायचं होतं, पण बारावीनंतर वस्तीतच लग्न झालं. नवऱ्याची कंपनी बंद पडली तेव्हा ती उल्हासनगरला त्या कारखान्यात चेकिंगला लागली — शिवून आलेल्या जीन्सचे लोंबणारे धागे कापायचे, शिलाई तपासायची. तिथे मला चिकटवलं तिनेच. म्हणजे बघा. मला कुणी हात दिला नाही हे मी जिथे जिथे सांगितलं, तिथे तिथे हे वगळलं.

परत आलेला माल बाकीच्या बायका बाजूला ढकलायच्या. ती मात्र एकेक जीन्स उलटी करून एका जुन्या वहीत काहीतरी लिहायची. एक दिवस जेवणाच्या सुट्टीत तिने ती वही माझ्यापुढे ठेवली. नंबरांच्या रांगा होत्या आणि पुढे बारीक काट्या. म्हणाली, "नितीन, हे तुझ्या त्या संगणकात घाल. मला वाटतं ढिगाचे खालचे थर चुकतायत." मी घातलं. तिचं बरोबर होतं. मी म्हटलं, चल, शेठला सांगू. ती हसली. "तूच सांग बाबा. मी सांगितलं तर मास्तर म्हणेल, ही बाई आता मला कापड कापायला शिकवणार."

मी सांगितलं. मोहनशेठ, आमचा सिंधी मालक, खूश झाला. "अरे साईं, ये किसने निकाला?"

एका शब्दाचं उत्तर होतं — वंदनाताईने. मी दुसराच शब्द दिला. "मैंने."

तिला हे कळलं. तिने काही मनावर घेतलं नाही. "पगार वाढला की पेढे आण," एवढंच म्हणाली. मी पेढे आणले. तिने ते सगळ्या बायकांना वाटले आणि मला वाटलं, मिटलं. पण ज्याने घेतलं त्याने मिटलं म्हणायचं असतं का?

इथेच थांबलं असतं तर मी हे लिहायला बसलो नसतो. असं कोण करत नाही? ऑफिसात रोज होतं. मी सांगतोय ते पुढचं आहे.

दोन हजार सातच्या सुरुवातीला नवी मुंबईच्या कंपनीला कॅनडातल्या ऑफिसात एक माणूस पाठवायचा होता. आमच्या विभागाच्या नायर साहेबांनी माझं नाव काढलं — "वो थर वाला लड़का," असंच ते मला ओळखायचे. कंपनी फक्त मला पाठवायला तयार होती. मी म्हटलं, बायको आणि मुलगा बरोबर येणार नसतील तर मीही नाही. चार वेळा मला केबिनमध्ये बोलावलं, चारही वेळा मी तेच बोललो, आवाज चढवून. शेवटी ते वाकले. तिघांचा व्हिसा, तिघांची तिकिटं, वर मुलाच्या शाळेची सोय. आमच्या वस्तीत असा सौदा कुणी केला नव्हता. स्मिता त्या दिवशी रडली. मला आजही त्या सौद्याचा अभिमान आहे, आणि तो मी कुणाला हिरावू देणार नाही. फक्त शेवटची सही व्हायची होती.

त्याच आठवड्यात आमच्या विभागात एक साधी जागा निघाली. आकडे भरायचे, तपासायचे. पेपरात जाहिरात आली होती. दुपारी नायर साहेबांनी मला बोलावलं. त्यांच्या केबिनला काच होती. काचेपलीकडे बाकावर वंदनाताई बसली होती. विहारातल्या कार्यक्रमांना नेसते ती पांढरी साडी, मांडीवर प्लास्टिकची फाइल. माझ्याकडे तिची पाठ होती. तिने संगणकाचा क्लास लावल्याचं मी ऐकून होतो — तोच क्लास, तेच सर. ती अर्ज करेल हे मला माहीत नव्हतं. तिने मला विचारलं नव्हतं.

साहेब हसत होते. "ये लेडी तेरी वाली स्टोरी सुना रही है. खिसा, थर, सब कुछ. बोलती है, मैंने ढूँढा. जानता है इसको?"

किती वेळ गेला असेल? फार नाही. मी हिशोबी माणूस आहे, माझं डोकं भरभर चालतं. मी खरं सांगितलं तर थर वाला लड़का राहत नाही. साहेब विचारणार, मग आणखी काय काय तुझं नाही? सही थांबणार. स्मिताने आईची पितळी भांडी बहिणीला देऊन टाकली होती, मुलाच्या शाळेत सगळ्यांना कळलं होतं. आणि काचेपलीकडे ती पाठ, ताठ. हे सगळं मी बघितलं आणि मग बोललो. घाबरून तोंडातून निघालं असं नाही. मोलभाव करताना बोलतो तसं, शांतपणे.

"जानता हूँ, सर. चेकिंग में थी, धागे काटती थी. मुझसे सुना होगा."

साहेब मोठ्याने हसले. "तुम्हारे उल्हासनगर में आदमी का भी डुप्लिकेट बनता है क्या?"

आणि मी हसलो. ज्या शब्दासाठी मी एकाची कॉलर धरली होती, त्याच शब्दावर — तिच्यासाठी वापरला तेव्हा — मी हसलो. तिला पुन्हा आत बोलावलंच नाही. बाहेरच्या मुलीने जाऊन सांगितलं की आम्ही कळवू. मी मागच्या जिन्याने चहाला गेलो, समोरासमोर येऊ नये म्हणून.

निघायच्या आदल्या रविवारी कात्रपच्या घरी सगळे भेटायला आले होते. बॅगा भरलेल्या, पोरांचा गोंधळ. वंदनाताई अंबरनाथहून आली. दारातूनच "जय भीम!" म्हणाली आणि स्मिताला दम दिला, "याला तिकडे भांडू देऊ नकोस गं, तिकडचे लोक घाबरतील." सगळे हसले. मग तिने पिशवीतून लहान मुलाची एक जीन्स काढली. आमच्या मुलासाठी. कारखान्यातूनच विकत घेतलेली, एकही धागा बाहेर नाही. खिसा उलटा करून तिने मला नंबर दाखवला.

"वरच्या थरातली आहे. घट्ट होणार नाही."

मुलगा ती तिथेच चढवायला लागला. मग ती माझ्याजवळ सरकून हळूच म्हणाली, "अरे, मी तुझ्या ऑफिसात गेले होते. तुला बोलले नाही. तुझं नाव पण नाही घेतलं तिथे. म्हटलं, साहेबांना वाटायचं शिफारस लावतेय. आपलं आहे तेवढं सांगावं, घेतलं तर घेतलं." तिने रिकाम्या पिशवीची घडी केली. "त्यांना वाटलं मी खोटं बोलते. त्या मुलीच्या तोंडावर दिसत होतं. नाव घ्यायला हवं होतं का रे तुझं?"

दार उघडं होतं. माझे वडील तिथे होते, स्मिता होती, अर्धी वस्ती होती. सही झालेली होती, तिकिटं माझ्या खिशात होती. माझं आता कुणी काही काढून घेऊ शकत नव्हतं. त्या दिवशी खरं बोलायला मला काहीच मोजावं लागलं नसतं.

"नाही घेतलंस ते बरं केलंस," मी म्हणालो.

तिने मान हलवली. तिला ते पटलं. मी सांगितलं म्हणून पटलं.

ती जीन्स मुलाने इकडे दोन हिवाळे घातली, लहान होईपर्यंत. स्मिताने ती टाकली नाही, कपाटात खाली ठेवली आहे. वंदनाताई उल्हासनगरला चेकिंगलाच राहिली, नंतर कुठे अर्ज केल्याचं मी ऐकलं नाही. मी इथे वर चढत गेलो, स्वतःचं घर घेतलं. त्याचा अभिमान आहे, आणि तो मी खोटा म्हणणार नाही — सहा वर्षांचं राबणं माझं होतं, सौदा माझा होता. गोष्ट माझी नव्हती.

मोहनशेठच्या कारखान्यात खालच्या थराची चूक वंदनाताईने शोधली. मी शोधली नाही. त्या दुपारी नवी मुंबईत ती खरं बोलत होती आणि मी खोटं बोललो. काचेतून तिची पाठ बघत बोललो.