एका खेपेला एक भाग

धंतोलीतल्या एका खासगी दवाखान्यात मेघा डायलिसिसचं मशीन चालवायची. जादूच्या नऊ किल्ल्यांच्या एका कादंबरीचे पाचही खंड तिला पाठ होते. सहाव्या, शेवटच्या खंडाची वाट पाहण्यात बारा वर्षं गेली, आणि तेवढ्यात टीव्हीवाल्यांनी मनानेच शेवट करून त्या कादंबरीवरची मालिका संपवली. हा राग ती भेटेल त्याच्यावर काढायची.

नरखेडकडून एसटीने डायलिसिसला येणारे म्हातारे दादाजी तिला आयतेच सापडले. सुई टोचली की ते मोबाइलवर हिंदीतून मालिकेचा एकच भाग पाहायचे आणि पुढचा पुढच्या खेपेसाठी राखून ठेवायचे. त्यांचा सारा जीव त्यातल्या आंधळ्या किल्लेदारात होता. चार भाग उरले होते.

"पुस्तकात काय ठेवलं वं? खरी गोष्ट तं हेच हाय," ते एकदा म्हणाले.

पट्टी चिकटवता चिकटवता मेघाने शांतपणे सांगितलं, "तुमच्या खऱ्या गोष्टीत किल्लेदाराले त्याचाच पोरगा जिता जाळते. शेवटच्या भागात."

दादाजींनी मोबाइल खिशात ठेवला. पुढच्या खेपेला ते आले नाहीत, त्याच्या पुढच्याही नाही. मेघाने फोन लावला तर मुलगा रडकुंडीला आलेला.

"बाबा म्हणून राहिले, आता तिथं येऊन काय करू. पाय सुजले, दम लागून राहिला, तरी ऐकत नाही."

"त्यायले सांगा, पुस्तकात किल्लेदार अजून जिता हाय."

मुलगा आत जाऊन आला. "बाबा विचारून राहिले, ते पुस्तक पुरं कधी होते?"

पुस्तकांच्या बाबतीत मेघा कधीच खोटं बोलली नव्हती.

"होत नाही," ती म्हणाली.