अर्जात न लिहिलेलं नाव

रोज सकाळी सात वाजता कॅप्टनसाहेब पडवीत खुर्ची मांडून बायकोची वेणी घालायचे. पांढऱ्या मिशा, ताठ पाठ, इस्त्रीचा शर्ट, दातांत धरलेलं रबर, आणि दोन्ही हातांत तीन पेड. कमलकाकींची उजवी बाजू अर्धांगवायूने गेली होती. कॅप्टनसाहेब त्यांना अहोजाहो करायचे. "अहो, मान जरा वर. हां. आता हिलना नहीं." आमच्या गावात नवऱ्याने बायकोला 'अहो' म्हणणं हा एक विनोद आहे आणि तिची वेणी घालणं हा दुसरा. डेअरीला दूध घालायला निघालेली माणसं बांधावर मुद्दाम थांबायची.

"काय कॅप्टन, कुठली पलटण तयार करताय?"

ते चिडायचे नाहीत. "रायफल खोलून जोडायला मला आठ दिवसांत आली. ह्याला सहा महिने लागलं. तू ये, बघ जमतं का."

लोक हसायचे. मीही एकदा हसले आहे, ते आधीच सांगून टाकते. या माणसाबद्दल लिहायला बसले की मला राग येतो, आणि राग आला की माझी वाक्यं बिघडतात. तरी लिहिते, कारण गावात त्यांच्याविषयी जे बोललं जातं ते फार गोड आणि फार खोटं आहे.

आमचं गाव शिरूर आणि दौंडच्या मधे. न्हावऱ्याला येऊन एसटी धरली की एका बाजूला शिरूरचं माझं कॉलेज, दुसऱ्या बाजूला दौंड. कॅप्टनसाहेब अठराव्या वर्षी शिपाई म्हणून भरती झाले, परीक्षा देत देत वर चढले आणि कॅप्टन होऊन निवृत्त झाले. पंजाब, आसाम, काश्मीर असं सगळं फिरले. लढाईचं विचारलं तर म्हणायचे, "थंडी लई होती." एवढंच. पण काकींबद्दल विचारलं तर थांबायचे नाहीत. "मी तिकडं होतो तवा म्हातारीचं आजारपण, दोन पोरींची शाळा, विहिरीचं काम, सगळं ह्यांनी केलं. तीस वर्षं एकटीनं ड्यूटी. मी रिलीव्ह करायला आलो, थोडी वर्षं बरी गेली, आन् ह्या आजारी पडल्या. मग आता ड्यूटी कुणाची?"

आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच. बारावीनंतर वडील मला घरी बसवणार होते. कॅप्टनसाहेब आमच्या ओट्यावर आले, पाणी प्यायले आणि वडिलांना म्हणाले, "पोरगी शिकली तर तुमचं काय बिघडंल ते मला सांगा. बिघडलं तर मी जबाबदार." वडिलांनी दुसऱ्या दिवशी फॉर्मचे पैसे काढून दिले. पुढे तीन वर्षं मी त्यांच्या पडवीत इंग्रजीचं व्याकरण शिकले. काकी शेजारी बसून ऐकायच्या. त्यांच्याकडे दोनच शब्द उरले होते, 'व्हय' आणि 'जा'. मी चुकीचं उत्तर दिलं की काकी हसून 'जा' म्हणायच्या आणि साहेब म्हणायचे, "बघ, ह्यांना कळलं, तुला न्हाई."

त्यांचं घर मळ्यात होतं. डांबरी रस्त्यापासून घरापर्यंत पाणंद होती, बारा फुटांची, सरकारी नकाशात दाखवलेली. बैलगाड्यांच्या काळापासूनची वाट. एका उन्हाळ्यात रंगाआप्पांनी ती नांगरली. रंगाआप्पा म्हणजे आमच्याकडचे मोठे बागायतदार आणि साखर कारखान्याचे संचालक. पाणंदीच्या जागी त्यांनी ऊस लावला आणि तोंडाशी आडवी खोल चारी खणली, म्हणजे गाडीच काय, सायकलसुद्धा जाऊ नये. कॅप्टनसाहेबांच्या घरी जायला उरला फक्त हातभर रुंदीचा बांध.

काकींना आठवड्यातून दोनदा दौंडला व्यायामाच्या उपचारासाठी न्यावं लागायचं. डॉक्टर म्हणाले होते, खंड पडू दिला नाही तर पाय पुन्हा उभा राहील. खंड पडू द्यायचा नाही, हे साहेबांनी हुकमासारखं घेतलं. प्लॅस्टिकच्या खुर्चीत काकींना बसवायचं, पुढे स्वतः, मागे माझे वडील, आणि बांधावरून चालत डांबरीपर्यंत यायचं. अडुसष्ट वर्षांचा माणूस. मी पिशवी घेऊन मागे.

एकदा चारीपाशी रंगाआप्पा बुलेट लावून उभे होते, सोबत चार माणसं. साहेबांनी खुर्ची खाली ठेवली. "आप्पा, पेशंट हाय. गाडी यील एवढी तरी वाट सोडा."

"मळ्यात राहायची हौस तुम्हाला, आन् वाट आम्ही सोडायची व्हय?"

"नकाशात पाणंद हाय, आप्पा."

"नकाशा इंग्रजांचा. जमीन माझ्या आज्याची." मग आप्पा माणसांकडे वळून म्हणाले, "कॅप्टननी बॉर्डर राखली, लई उपकार झाले. आता बांध आम्हाला राखू द्या की!"

माणसं हसली. साहेबांच्या मानेची शीर ताठ झालेली मी मागून पाहिली. पण ते एवढंच म्हणाले, "ह्यांच्या देखत नको, आप्पा." आणि वडिलांना, "चला, उचला." काकी सबंध वाटभर 'जा, जा' म्हणत होत्या. कुणाला ते कळलं नाही.

साहेबांनी तहसील कचेरीत अर्ज करायचं ठरवलं. त्यांचं पुढचं सगळं शिक्षण फौजेत, हिंदी-इंग्रजीत. मराठी लिहिताना हात अडखळायचा. ते मला म्हणाले, "तू लिही. तुझं अक्षर चांगलं हाय." मला फार अभिमान वाटला. गावातल्या एवढ्या मोठ्या माणसाचा अर्ज माझ्या हातून जाणार होता. घरी बसून मी दोन वेळा कच्चा लिहिला. वडिलांनी विचारलं, "काय लिहितीस?" मी वाचून दाखवलं. वाचता वाचता मी रंगाआप्पांच्या नावापाशी आले आणि वडील उठून बसले.

"नाव घालू नको."

"अहो दादा, रस्ता त्यांनीच अडवलाय."

"म्हाईत हाय मला. आपला ऊस अजून उभा हाय. तोडणीची टोळी कवा पाठवायची ते आप्पा ठरवत्यात. मार्चपर्यंत वाळला म्हंजी काय करायचं? तुझी फी कुठनं भरायची?"

"मग काय लिहू?"

"लिही, काही शेतकऱ्यांनी."

मी तसं लिहिलं. 'काही शेतकऱ्यांनी रस्ता बंद केला असून.' वाक्य चांगलं झालं होतं, अगदी पुस्तकातल्यासारखं. दुसऱ्या दिवशी साहेबांनी अर्ज चष्मा लावून, ओळीखाली बोट फिरवत दोनदा वाचला. एका ठिकाणी बोट थांबलं. त्यांनी वर बघितलं, माझ्याकडे. मी पिशवीतून पेन शोधत होते, म्हणजे शोधण्याचं सोंग करत होते. मग त्यांनी सही केली.

अर्ज दोन महिन्यांनी परत आला. रस्ता कोणी अडवला त्याचं नाव आणि गट नंबर नाही, नोटीस कोणाला काढायची, असा शेरा होता. बरोबरच होतं. त्या दोन महिन्यांत पाणंदीतल्या उसाने मुळं चांगली धरली होती. आणि आमचा ऊस जानेवारीतच तुटून गेला, गावात सगळ्यांच्या आधी.

मग सव्वीस जानेवारी आली. शाळेच्या मैदानावर दरवर्षीप्रमाणे माजी सैनिकाचा सत्कार होता आणि सत्कार करणारे होते रंगाआप्पा. सूत्रसंचालन माझ्याकडे, कारण मी कॉलेजात जाते. मीच माइकवर म्हणाले, "ज्यांनी देशासाठी आयुष्य वेचलं." आप्पांनी शाल घातली, नारळ दिला, फोटोसाठी साहेबांच्या खांद्यावर हात टाकला. "कॅप्टन म्हंजी आमच्या गावचा वाघ!" टाळ्या.

कॅप्टनसाहेबांनी माइक मागितला. मी दिला. ते म्हणाले, "सत्काराबद्दल आभार. ही शाल मी ठेवून घेतो. पण माझ्या घराचा रस्ता—"

खालून आप्पांच्या एका माणसाने आरोळी ठोकली, "भारत माता की!"

सगळं मैदान म्हणालं, "जय!" आणि कॅप्टनसाहेब सावधानमध्ये उभे राहिले. त्यांचे हात सरळ शिवणीला लागले आणि त्यांनीही 'जय' म्हटलं. तीस वर्षांच्या सवयीने. आरोळी थांबली की ते पुन्हा तोंड उघडायचे आणि पुन्हा आरोळी व्हायची. पाच वेळा. पाचही वेळा ते सावधान. सरपंचांनी मला खूण केली. मी माइक घेतला आणि म्हणाले, "यानंतर विद्यार्थी समूहगीत सादर करतील."

देशाच्या नावाने एका सैनिकाचं तोंड बंद करता येतं हे मला त्या दिवशी कळलं. आणि ते बंद करायला माझ्यासारखी शिकलेली मुलगी कामी येते हेही कळलं.

दुसरा अर्ज साहेबांनी स्वतः लिहिला. वेडीवाकडी अक्षरं, अर्धे शब्द हिंदी, पण नाव ठळक: रंगनाथ, वडिलांचं नाव, आडनाव, गट नंबर. मग तारखा पडत गेल्या. कधी आप्पांची प्रकृती बरी नाही, कधी त्यांचे वकील आले नाहीत, कधी तहसीलदार दौऱ्यावर. कॅप्टनसाहेब प्रत्येक तारखेला दहाच्या आत हजर. "मी लेट न्हाई गेलो म्हंजी चूक माझी न्हाई," म्हणायचे. मला त्याचाही राग यायचा. कुणाची चूक ते अवघ्या गावाला माहीत होतं.

पावसाळ्यात बांध निसरडा झाला आणि एके दिवशी साहेबांचाच पाय घसरला. खुर्ची काकींसकट चारीत गेली. काकींचं खुब्याचं हाड मोडलं. जो पाय उभा राहायला लागला होता, तोच. साहेब चिखलात गुडघ्यावर बसून "अहो, मी हाय, मी हाय" म्हणत राहिले. रुग्णवाहिका डांबरीवर उभी होती, दिसत होती, आणि तिथपर्यंत पोहोचायला आम्हाला पाऊण तास लागला.

त्यानंतर ते काकींना घेऊन दौंडला गेले, थोरल्या मुलीच्या घराजवळ, भाड्याच्या दोन खोल्यांत. तळमजला बघून घेतला, दारापर्यंत रिक्षा येते असा. सामान आम्ही बांधावरून डोक्यावर आणलं. कुलूप लावताना ते म्हणाले, "पोस्टिंग झाली म्हणायचं." काकी दौंडहून परत आल्या नाहीत. अंथरुणाला खिळल्या, छातीत कफ झाला आणि दिवाळीनंतर गेल्या.

गावातून तीन गाड्या भरून माणसं गेली. आप्पाही गेले आणि रडले. खोटं रडले असं मी म्हणत नाही. तेच तर मला समजत नाही.

गेल्या महिन्यात प्रकरणाचा निकाल लागला. अर्जदार आता त्या ठिकाणी राहत नसल्याने रस्त्याची निकड दिसून येत नाही, सबब अर्ज निकाली काढण्यात येतो. मी ती नक्कल घेऊन दौंडला गेले. साहेबांनी दार उघडलं. दाढी केलेली होती, शर्ट इस्त्रीचा होता. स्वतः चहा केला. कागद वाचला, घडी घातली.

"बरोबर हाय," म्हणाले. "आता कशाला निकड?"

"अपील करता येतं, साहेब. मी लिहिते."

"कुणासाठी लिहितीस?"

इतके दिवस पोटात ठेवलेलं तेव्हा बाहेर आलं. मी म्हणाले, पहिल्या अर्जात मी मुद्दाम नाव घातलं नव्हतं. ते घातलं असतं तर नोटीस दिवाळीतच निघाली असती. कदाचित पावसाळ्याआधी रस्ता झाला असता. बोलताना माझा आवाज चढला, जणू मी त्यांच्यावरच ओरडत होते.

"म्हाईत हाय मला," ते म्हणाले.

"माहीत होतं? मग सही का केली?"

"तू पिशवीत पेन शोधत होतीस, वर बघत न्हवतीस. तुमचा ऊस उभा होता रानात. तुझा बाप माझी खुर्ची उचलत होता, बेटा. त्याच्या घरावर गाडी घालून मी माझा रस्ता करायचा व्हय?" त्यांनी चहाचा कप माझ्यापुढे सरकवला. "मला वाटलं, नाव न घालता बी कुणीतरी येऊन बघंल. सगळ्यांना दिसतंय की."

मी म्हणाले, "मला रागवा, साहेब."

त्यांनी खरोखर विचार केला, रागवावं का म्हणून. मग विचारलं, "त्या साली तुमचा ऊस गेला ना येळंवर?"

"गेला."

"बरं झालं," ते म्हणाले. आणि त्यांना खरंच बरं वाटलेलं दिसत होतं.