धाकटीला सोपं गेलं

माझी धाकटी जाऊ वरच्या मजल्यावर राहते, आम्ही खाली. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा एका विमा कंपनीच्या कॉम्प्युटर खात्यात होती. टेबलावरचे साधे कॉम्प्युटर नव्हेत. मेनफ्रेम म्हणजे कपाटाएवढं एकच मोठं मशीन, सगळ्या शाखांचा हिशेब ते एकटं ओढायचं. त्याला थंडावा लागे म्हणून खोली इतकी गार, की ही भर उन्हाळ्यात शाल घेऊन कामाला निघायची आणि शेजारणी मला हळूच विचारायच्या, तुमच्या धाकट्या जाऊबाईंना बरं नाही का. मशीनला काम लिहून द्यायचं, ते उरकलं की शेवटी एक आकडा येतो. शून्य आलं तर सगळं चोख, दुसरं काही आलं तर बसा चूक शोधत. शून्य मिळालं म्हणून खूश होणारे जगात आम्हीच, असं ती म्हणायची.

मुलगी वेळेआधी झाली, अगदी एवढीशी. तिला जगवायचं म्हणून नोकरी सोडली. दोन वर्षांनी परत जायचं ठरलं होतं, ठरलं तेव्हा मी तिथेच बसले होते. पण विषय निघाला तेव्हा तिचा नवरा, म्हणजे आमचे भाऊजी, म्हणाले, ते म्हातारं मशीन आता भंगारात निघालं. भाऊजी स्वतः कॉम्प्युटरच्या धंद्यातले, ऑफिसांतले कॉम्प्युटर एकमेकांना जोडून देणारे. त्यांचा शब्द कोण खोटा मानणार? मुलगी शाळेत जायला लागली, पुन्हा विषय निघाला. भाऊजी म्हणाले, सगळं नवं आलंय, तुला पहिलीपासून गिरवावं लागेल, अर्ध्या वयाची पोरं हसतील. मग तिनेच विषय काढायचं सोडलं. कोणी विचारलं तर हसून सांगायची, मी शिकले ते आता संग्रहालयात ठेवतात. सांगताना हातातल्या फडक्याच्या घड्या घालत राहायची.

अशी चौदा वर्षं गेली.

यंदा तिच्या जुन्या ऑफिसातल्या मैत्रिणीचा फोन आला. दोघींची टेबलं शेजारी असायची. मैत्रीण तिथेच राहिली, आता खात्याची प्रमुख आहे. जुनी माणसं निवृत्त होतायत, हात कमी पडतायत, मधे सोडून गेलेल्यांसाठी काही आठवड्यांचा वर्ग काढलाय, शेवटी परीक्षा आणि मग नोकरी. फोन ठेवून धाकटी माझ्याकडे आली तेव्हा तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं. फजिती होईल म्हणाली. मी म्हटलं, झाली तर झाली, माझ्यापाशी येऊन रड, पण जा. भाऊजी जेवताना एवढंच म्हणाले, की हौस असेल तर बघ जाऊन. पुतणीला तर थट्टेला विषयच मिळाला. तुझ्या मशीनला माऊस तरी आहे का आई, की दांडा धरून फिरवायचं?

वर्गाच्या आदल्या संध्याकाळी मी देवापुढे बसले. जप झाल्यावर एकच मागणं घातलं, तिला सोपं जाऊ दे. देवाने ते ऐकलं. इतकं तंतोतंत ऐकलेलं दुसरं मागणं मला आठवत नाही, आणि इतकं जिव्हारी लागलेलंही.

पहिल्या दिवशी ती कधी परतली ते कळलंच नाही. वर जाऊन पाहते तर ओट्याला टेकून उभी, पर्स खांद्याला तशीच. फार अवघड गेलं का, असं मी विचारलं.

"ताई, काही बदललेलंच नाही."

मग हळूहळू सांगू लागली. तोच काळा पडदा, तीच हिरवी अक्षरं. मागे जायला तीच तीन नंबरची कळ. ओळीची पहिली सात घरं सोडून आठव्यापासून लिहायचं, तेही तसंच. मशीन नवं आहे, कितीतरी पट वेगवान, पण तिला येणारी भाषा त्याला अजून समजते. नवीन शिकायचं आहे, नाही असं नाही, पण ते सगळं ऐकून तिच्या मनात आलं, एवढंच? सरावाला म्हणून एक काम लिहायला दिलं. डोक्याला आठवायच्या आत बोटांनी लिहून टाकलं. शून्य आलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि ही बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडली.

"अवघड गेलं असतं ना, तर मनाला सांगितलं असतं की माझी वेळ गेलीच होती," ती म्हणाली. "आता काय सांगू?"

पुढच्याच आठवड्यात डबा खाताना मैत्रीण सहज बोलून गेली, की आम्ही तर दर वर्षी माणसं शोधत होतो, कधीही आली असतीस तरी घेतलं असतं, मला वाटलं तुला घराचीच गोडी लागली. धाकटीने अर्ध्या डब्यावर झाकण लावलं.

तरी घरी तिने अवाक्षर काढलं नाही. दुपारी वर्गातून आली की माझ्या जेवणाच्या टेबलावर कागद पसरून बसायची, मी समोर भाजी निवडायची. भाऊजींना विचारायचा तिला धीर होत नव्हता. त्यांचं काम वेगळं, त्यांनाही माहीत नसेल, असं ती मलाच समजावायची, जसा काही आरोप मी केला होता. खरं सांगायचं तर त्या दिवसांत तिला परीक्षेची काळजी उरलीच नव्हती. हा माणूस आपल्याशी खरं बोलला होता की नाही, एवढाच घोर होता.

निकाल लागला, वर्गात पहिली आली. त्या संध्याकाळी भाऊजी आमच्याकडे खालीच बसले होते. तिने बातमी सांगितली. ते म्हणाले, छान, म्हणजे डोक्याला गंज चढला नव्हता तर. ती उभीच होती. आवाज जराही चढवला नाही.

"तुम्हाला माहीत होतं?"

काय माहीत होतं, असं त्यांनी विचारलं नाही. ते चष्मा काढून पुसत बसले.

"पहिल्यांदा म्हणालो तेव्हा मला खरंच तसं वाटलं होतं गं. नंतर कळलं. तुमच्याच कंपनीत जोडणीच्या कामाला गेलो होतो."

"कधी?"

"पोर पहिलीत होती तेव्हा."

"मग सांगितलं का नाही?"

"घर नीट चाललं होतं."

भाऊजी वाईट माणूस नाहीत. पोरीच्या तापात तिला छातीशी धरून घरभर फिरताना मी त्यांना पाहिलंय. त्यांनी दुष्टाव्याने केलं असतं तर धाकटी भांडली असती, मीही तिच्या बाजूने चार शब्द सुनावले असते. पण घर खरंच नीट चाललं होतं, आणि ते तिनेच चालवलं होतं. ती "हो, चाललं होतं" म्हणाली आणि वर निघून गेली.

मैत्रीण दिवसाची जागा देत होती. धाकटीने रात्रपाळी मागून घेतली. मोठी कामं रात्रीच चालतात, असं सगळ्यांना सांगते. भाऊजी घरी यायच्या वेळेला ती निघते. परवा त्यांनी मला विचारलं, वहिनी, असं किती दिवस चालायचं?

काल मी फाटकाशी उभी होते, तेव्हा दोघांची तिथेच गाठ पडली. त्यांनी विचारलं, जेवलीस का.

"तुमचं ताट झाकून ठेवलंय," ती म्हणाली, आणि ते बाजूला होईपर्यंत थांबली.