बावल्यांची माधुरी

माधुरी ही पनवेलजवळच्या कोन गावच्या दाजी पाटलांची थोरली मुलगी. दाजींची भातशेती होती तिथे आता उंच इमारती आहेत. जमिनीच्या पैशांतून त्यांनी गावात दुमजली घर बांधलं, धाकट्या दोन्ही मुलींची लग्नं धूमधडाक्यात लावली. माधुरीचं तेवढं राहिलं. कॉलेजात जाऊ लागली त्या वर्षी तिच्या डोळ्याच्या कडेला पांढरा डाग उमटला. मग ओठांभोवती, मग बोटांवर. मलमं झाली, काढे झाले, कुणी सांगितलं म्हणून नवसही झाले. कोड पसरायचं तेवढं पसरलं. तिला बघायला आलेली माणसं चहा पिताना तिच्याकडे न बघता कपाकडे बघायची. पुढे दाजींनी माणसं बोलावणंच सोडून दिलं, आणि माधुरीला त्याचं बरंच वाटलं.

तिने द्रोणागिरीला एका गोदामात नोकरी धरली. बंदरातून आलेला माल उघडायचा, फुटलेलं-तुटलेलं बाजूला काढायचं, हे तिचं काम. तोंडाला मास्क, हातात मोजे. तिथे कुणाला कुणाचा चेहरा बघायला सवड नव्हती. एकदा एका कंटेनरमध्ये पाणी शिरलं आणि खेळण्यांचे खोकेच्या खोके भिजून आले. त्यांत तिला एक मुलगी सापडली. वीतभर उंचीची, निळ्या केसांची, हातात तलवार, वाऱ्यावर उडाल्यासारखा झगा. तलवारीचा हात कोपरापासून तुटलेला. पण तिच्या डोळ्यांत असा काही ठामपणा होता, की माधुरीला ती भंगाराच्या ढिगावर टाकवेना.

"घेऊन जा ताई," सुपरवायझर कमलाकर म्हणाला. "गेट पास देतो. नाहीतरी चुरा होणार आहे तिचा."

घरी तिने ती टीव्हीशेजारी ठेवली. आई, मालू, कमरेवर हात ठेवून बघत राहिली.

"घरान ल्हान पोर नाय, न ही बावली कोनाला गो?"

"मला," माधुरी म्हणाली.

पुढे काही महिन्यांनी तिला चष्मा लागला. पनवेलला लाइन आळीत चष्म्याचं एक चिंचोळं दुकान होतं, तिथे ती गेली. काउंटरवरच्या आरशाशेजारी तशाच घडणीची एक मूर्ती उभी होती: मोठाले डोळे, टोकदार केस, अंगावर काळी चादर पांघरलेला मुलगा. माधुरी फ्रेम बघायचं सोडून त्याच्याकडेच बघत राहिली.

"आवडला? ॲनिमेतला आहे," दुकानदार म्हणाला. "ॲनिमे म्हणजे जपानी कार्टून. लोक कार्टून म्हणून हसतात, पण रडवतात हो ती."

त्याचं नाव विश्वजीत. वय तिच्याच आसपास, कपाळावरचे केस मागे हटलेले, बोलताना शब्दात किंचित अडखळायचा. फ्रेम बसवताना त्याने तिच्या चेहऱ्याकडे सरळ, शांतपणे पाहिलं. नाकाची रुंदी, कानांमधलं अंतर, भुवयांची रेघ. चेहऱ्याकडे बघणं हे त्याचं कामच होतं. पण इतका वेळ, नजर न चोरता, तिच्याकडे कुणी बघितल्याला वर्षं झाली होती. तिने मग आपल्या निळ्या केसांच्या मुलीची गोष्ट सांगितली.

"घेऊन या तिला," तो म्हणाला. "हात करून देतो."

चष्मे दुरुस्त करायच्या बारीक हत्यारांनी त्याने तो हात घडवला. आत तार घातली, वर पुट्टीसारखी लांबी चढवली, ती घासून गुळगुळीत केली, रंग जुळवला. माधुरीने हात फिरवून पाहिलं, तर जोड कुठे आहे ते सापडेना. तिथून तिचा संग्रह सुरू झाला म्हणायचा. महिन्या-दोन महिन्यांनी ती एखादी मूर्ती मागवायची, बहुतेक वेळा जुनी, कुणीतरी वापरून विकायला काढलेली. विश्वजीत त्यांना फिगर म्हणायचा, मालू बावल्या म्हणायची, आणि हळूहळू गावही तिला बावल्यांची माधुरी म्हणायला लागलं.

आणणं सोपं होतं, सांभाळणं विश्वजीतने शिकवलं. उन्हात ठेवायच्या नाहीत, रंग उडतो. मे महिन्यात पत्र्याखालच्या खोलीत तर नाहीच. प्लॅस्टिक मऊ पडून पाय वाकतात, मग मूर्ती एका अंगाला झुकते. तशी झुकलीच तर पाय गरम पाण्यात धरायचा, हलकेच सरळ करायचा, लगेच गार पाण्यात बुडवायचा. आपल्याकडच्या दमट हवेत अंगाला चिकटपणा येतो, तेव्हा कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचा थेंब टाकून धुवायचं आणि सावलीत वाळवायचं. धूळ काढायला पावडर लावायचा मऊ ब्रश. कपाटात कोपऱ्याकोपऱ्यात नव्या चपलांच्या खोक्यात येतात त्या, ओल शोषणाऱ्या पांढऱ्या पुड्या. माधुरीने काचेचं कपाट करून घेतलं. सुट्टीच्या दिवशी ती एकेक मूर्ती बाहेर काढून पुसायची, तेव्हा दाजी पेपराआडून म्हणायचे, "एवरी सेवा देवाची केली असतीस तं!"

रविवारी दुपारी ती पनवेलला जायची. दुकान अर्धं बंद असायचं. दोघं काउंटरच्या दोन बाजूंना बसून काहीतरी चिकटवत, रंगवत, मोबाइलवर एखादी मालिका लावून. त्याच्या घरी आई होती, नि त्याचं स्वतःचं मोठं कपाट. त्याचे फोटो तो दाखवायचा. ती त्याच्या घरी कधी गेली नाही, तो कोनला कधी आला नाही. एकदा एका मूर्तीचा चेहरा रंगवताना माधुरीचा ब्रश निसटला आणि गालावर पांढरा ठिपका पडला. ती पुसायला गेली तर विश्वजीतने तिचा हात धरला.

"राहू दे. छान दिसतोय."

हात त्याने जरा जास्त वेळ धरून ठेवला. मग अडखळत म्हणाला, "म-माधुरी, मी आईशी बोलू का?"

"बोला," एवढंच ती म्हणाली. घरी येताना रिक्षात तिने नेहमीचा मास्क लावला नव्हता, हे तिच्या लक्षात आलं ते घराच्या दारात.

पुढच्या शनिवारी त्याचा मेसेज आला: ताप आहे, उद्या येऊ नकोस. तिने काळजी घ्या म्हणून लिहिलं, उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशी फोन लावला, बंद. मग माधुरीच्या मनाने जे करायचं तेच केलं. आईशी बोलला असणार. आईने विचारलं असणार, मुलगी कशी आहे. त्याने फोटो दाखवला असणार. ताप हे निमित्त. चहाच्या कपाकडे बघणाऱ्या सगळ्या माणसांत तिने त्यालाही नेऊन बसवलं, आणि पुन्हा फोन करायचा नाही असं ठरवलं. त्यापुढचे दोन रविवारही ती घरीच राहिली. कपाटही उघडलं नाही.

तिसऱ्या रविवारी राहवेना म्हणून गेली. दुकानाचं शटर खाली होतं. शेजारचा कटलरीवाला आनंदा तिला ओळखायचा.

"तुम्हाला कळलं नाही का?" तो म्हणाला. "विश्वजीत गेला हो. डेंग्यू. दवाखान्यात नेलं तर चार दिवसांत खेळ खल्लास. परवा तेरावंसुद्धा झालं."

माधुरी शटरला टेकून उभी राहिली. आनंदाने पाणी दिलं, स्टूल दिलं. "गिऱ्हाईकांना जोडून ठेवलं होतं त्याने," तो हळहळत म्हणाला. ती बसली नाही. पत्ता विचारून घेतला आणि वडाळे तलावाच्या बाजूला, जुन्या इमारतीतल्या त्याच्या घरी गेली.

दार त्याच्या आईने उघडलं. बारीक चणीची बाई, डोळे सुजलेले.

"कोण गं तू?"

काय सांगावं? माधुरी म्हणाली, "दुकानात यायचे मी. चष्म्याला."

"ये, बस."

आत थोरला मुलगा हितेश खोक्यांना चिकटपट्टी लावत होता. तो खारघरला राहायचा. आईला घेऊन जाणार होता, भाड्याची जागा सोडायची होती. भिंतीला ते कपाट होतं, फोटोत पाहिलेलं. अर्धं रिकामं. काही मूर्ती खाली सतरंजीवर आडव्या पडल्या होत्या, एकीचं डोकं वेगळं.

"इमारतीतली मुलं आली होती," आई म्हणाली. "दिल्या त्यांना. मला त्यातलं काय कळतंय? त्याला विचारलं तर म्हणायचा, आई, तुला एकदा सगळं बसून सांगतो." तिने माधुरीकडे पाहिलं. "ताप चढायच्या आदल्या दिवशी म्हणाला, रविवारी तुला एका ठिकाणी न्यायचंय. नवं पातळ नेस म्हणाला. कुठे, ते काही सांगेना. तुला काही बोलला होता का गं, दुकानात?"

हितेश चिकटपट्टी हातात धरून बघत होता.

"नाही, काकू," ती म्हणाली.

ती खाली बसून सतरंजीवरच्या मूर्ती गोळा करायला लागली. कुणी सांगितलं नव्हतं, पण हात थांबेनात. धूळ पदराने टिपत, तुटलेले तुकडे वेगळे ठेवत ती बसली. हितेश बराच वेळ पाहत राहिला, मग म्हणाला, "तुम्हाला यातलं कळतंय असं दिसतं. माझ्या घरी जागा नाही, आणि भंगारात द्यायचं जिवावर येतं. न्याल का तुम्ही?"

तिने मान हलवली. गुंडाळायला काही हवं होतं. आईने कपाटातून विश्वजीतचे धुतलेले शर्ट काढले आणि पुढ्यात ठेवले. "आता कोण घालणार आहे?"

एकेक मूर्ती एकेका शर्टात गुंडाळून माधुरीने खोकं भरलं. रिक्षाने कोनला आली तेव्हा दाजी ओसरीवर होते. "आणखी बावल्या?" ते म्हणाले. ती खोकं घेऊन आत गेली.

घरात कुणाला काही ठाऊक नव्हतं, त्यामुळे तिला रडायलाही निमित्त नव्हतं. ती कामावर गेली, माल तपासला, डबा खाल्ला. आठवडाभराने सुट्टीच्या सकाळी तिने मागच्या पडवीत घमेल्यात कोमट पाणी घेतलं आणि खोकं उघडलं. मालू धुणं गोळा करत आली. तिच्या हाताला शर्ट लागला.

"ये पुरषाचं शर्ट कोनाचं गो?"

माधुरीच्या हातातली मूर्ती पाण्यात पडली.

"आये, तो मेला गो," ती म्हणाली. बाहेर कितीही शुद्ध बोलली तरी तेव्हा तिच्या तोंडून घरचीच बोली आली. "तो मेला, न मी त्याच्यावर रागावून बसलू व्हती. तो आयेला आपल्याकरं आननार व्हता. न मना वाटला, त्याला मी नको झायलू."

मालूला अर्धं कळलं, अर्धं नाही. तिने शर्ट खाली ठेवला, लेकीला जवळ ओढलं. कितीतरी वर्षांनी माधुरी आईच्या कुशीत रडली, मोठ्याने, शेजारी ऐकतील याची पर्वा न करता. दाजी दारापर्यंत आले, तसेच परत फिरले. मग मालूने पंचा घेतला आणि धुतलेल्या बावल्या एकेक करून टिपू लागली, देव टिपावेत तशा, डोक्यापासून पायापर्यंत.

"त्याच्या आयेला सांगलास?" तिने विचारलं.

"नाय."

"सांग. तिची बी छाती फुटत आसल."

सांगायला माधुरीला पुष्कळ दिवस लागले. शेवटी ती खारघरला गेली आणि सांगितलं. विश्वजीतच्या आईने तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला.

"मग त्या दिवशी का गप्प बसलीस? मी विचारलं होतं ना तुला!"

"काकू, मी कोण म्हणून बोलू?"

त्या बाईने तिला शेजारी बसवून घेतलं. कोडाबद्दल ती काही म्हणाली नाही. तिला ते खुपलं असतं की नसतं, हे आता कुणालाच कधी कळणार नव्हतं.

दाजींनी न बोलता दुसरं कपाट आणून दिलं. विश्वजीतच्या मूर्ती माधुरीने त्यात लावल्या. तुटलेल्या जोडायचा प्रयत्न तिने केला, पण तिच्या जोडाची रेघ दिसते. मुलांनी नेलेल्या मागायला ती गेली नाही.

अधूनमधून हितेश आईला कोनला सोडतो. मालू तिला जेवायला वाढते, दोघी म्हाताऱ्या गुडघ्यांबद्दल बोलतात. मग विश्वजीतची आई कपाटासमोर खुर्ची ओढून बसते आणि विचारते, ही कोण? हा का रागावलाय? माधुरी मालिकांतल्या गोष्टी सांगते. ऐकताना आई मध्येच डोळे पुसते. कुणाची गोष्ट ऐकून, ते माधुरी विचारत नाही.

परवा विश्वजीतच्या आईने खालच्या फळीवरच्या एका मूर्तीकडे बोट दाखवलं. लाल छत्री घेतलेली एक लहानशी मुलगी, मागे वळून हसणारी.

"ही त्याने कधी घेतली गं?"

माधुरीला माहीत नव्हतं. ती कोणत्या गोष्टीतली, हेही नाही. तिने खूप शोधलं होतं, कुठे सापडली नव्हती.

"एकदा बसून सांगणार होता तो," आई म्हणाली.

"हो," माधुरी म्हणाली, आणि ब्रशने छत्रीवरची धूळ झटकू लागली.