जेलातला बांध

सांगत न्हाई म्हणलं तरी तुमी सोडीत न्हाई. ताडकळसाच्या बाजाराला गेलो की हॉटेलातल्या बाकड्यावर नीट टेकू देत न्हाई, आधी म्हणता, "नाना, जेलातलं सांगा की!" जेल काय जत्रा हाय का? वर त्या रिटायर मास्तरनं वही आणून दिली. म्हणला, "लिहून काढा, न्हाईतर जाताना संगं घेऊन जाल." मास्तर माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा हाय, तेवढं त्यानं ध्यानात ठेवावं!

मी चौथी शिकलोय. बोलतो तसं लिहितो. ज्याला चुका काढायच्यात त्यानं आधी एक वर्ष आत राहून यावं.

एक मात्र खरं. जेलात किस्से लय साचतात. गेटावर झडती असते. बाहेरून आत काही नेऊ देत न्हाईत, आतून बाहेर काही आणू देत न्हाईत. किस्सा तेवढा झडतीत सापडत न्हाई. म्हणून साचतो.

*

आधी आमी आत कसे गेलो ते.

शेषेराव माझा चुलतभाऊ. त्याचं वावर माझ्या वावराला लागून. दर साली नांगरताना बांध कोरायचा, एकेक वीत. एका साली मी आडवा झालो. माझ्या हातात कुऱ्हाडीचा दांडा, त्याच्या हातात काठी. त्याचा हात मोडला, माझं डोकं फुटलं. त्यानं माझ्यावर केस केली, मी त्याच्यावर. कोर्टानं दोघांचंबी खरं मानलं. जन्मात पहिल्यांदा आमा दोघांचं एकाच दिवशी कुणी खरं मानलं, अन् दोघांनाबी एकेक वर्ष सक्तमजुरी दिली!

पण माझा राग डोक्याचा न्हाई. डोकं भरून आलं. त्यानं फिर्यादीत माझ्या पोराचं, विलासचं, नाव घातलं. म्हणे, "विलासनं माझे हात धरले अन् बापानं मारलं." साफ खोटं! पोरगं त्या दिवशी बहिणीला गाडीत बसवायला पूर्ण्याला गेलं होतं. वकील म्हणला, "सबूत काय?" बहिणीचं तिकीट होतं. पोराचं काय दाखवायचं? फलाटाचं तिकीट काढायची आमच्या सात पिढ्यांत कुणाला सवय हाय?

पोराची केस येगळी निघाली अन् ती चालूच राहिली. पुण्याच्या कंपनीत पर्मनंट करायला पोलिसाचा दाखला मागायलेत. डोक्यावर केस असल्यावर दाखला कोण देतो? शेषेरावनं कोर्टात एक वाक्य बोलायचं होतं, 'पोरगं तिथं नव्हतं.' बास. तेवढं एक त्याच्या तोंडातून निघंना.

*

आत गेल्यावर कारकुनानं इचारलं, "काय काम येतं?"

मी म्हणलं, "शेती."

मागून शेषेराव म्हणला, "मलाबी."

कारकुनानं कागद बघितले. गाव एक, आडनाव एक. गडी एकदम खूश! गुन्हा काय ते खाली बारीक लिहिलेलं होतं, पण दोघांचे कागद शेजारी ठेवून वाचायला वेळ कुणाला हाय? साहेबाला म्हणला, "सर, भावकीतलेच आहेत. एकाच बराकीत टाकू. म्हातारी माणसं, एकमेकांना सांभाळून घेतील."

साहेब भला माणूस. म्हणला, "कामही एकच द्या. भाजीचा प्लॉट रिकामाच आहे."

मी तोंड उघडलं तर शिपाई कानाशी म्हणला, "बाबा, साहेबांचे उपकार माना."

मानले!

बराकीत पथारीला पथारी लागून. बाहेर आमच्यात बांध तरी होता. आत नुसती कांबळ्याची किनार.

*

जेलातला दिवस म्हणजे गिनती. सकाळी गिनती, दुपारी गिनती, सांजच्याला गिनती. माणसं जोडीजोडीनं उकिडवी बसवतात अन् मोजतात. माझ्या जोडीला कोण? तोच! जन्मभर मी जनावरं मोजली, मला कधी कुणी मोजलं नव्हतं. पहिल्या दिवशी शिपाई खांद्यावर हात लावून पुढं गेला तवा गोठ्यातली गाय कशी अंग चोरती, ते मला कळलं.

जेवण पाचच्या सुमाराला. त्याच्यावर दिवस मावळायच्या आत कुलूप. आमच्या घरी कोंबड्यासुद्धा आमच्यापेक्षा उशिरा कोंडतात. पहिल्याच दिवशी मी शिपायाला म्हणलं, "आवं, अजून ऊन हाय की."

तो म्हणला, "ऊन बाहेर राहू द्या बाबा, तुमी आत चला."

*

कामाचा पहिला दिवस. स्वयंपाकाच्या खोलीमागं, भिंतीच्या कडंला, पाच-सहा वाफे होतील एवढी जागा. आमच्यावर एक हवालदार नेमला. शहरातला गडी. कुंडीत तुळस लावली असंल तेवढीच त्याची शेती. म्हणला, "आज मेथी टाका."

मी माती मुठीत दाबली. म्हणलं, "ओल हाय. आजच टाकू."

शेषेराव म्हणला, "कुठं हाय ओल? आधी पाणी दे, वाफसा येऊ दे, परवा टाक."

"तुला वाफसा कळतो व्हय? तुझी ज्वारी बघितलीय मी!"

"मव्ही ज्वारी बघायला तू मव्ह्या वावरात कामून शिरलास?"

झालं. खुरपी हातात तशीच. हवालदारानं कपाळावर हात मारला. पळत गेला, गोदामातून सुतळी आणली, दोन खुंट्या आणल्या. प्लॉटच्या मधोमध या टोकापासून त्या टोकापर्यंत सुतळी ताणली. म्हणला, "हे तुमचं, ते त्यांचं. ज्यानं त्यानं आपलं बघायचं. मिटलं?"

आमी दोघं सुतळीकडं बघतच राहिलो.

तो खूश! म्हणला, "बघा, किती सोपं असतं!"

आता त्या माणसाला कुणी सांगावं, की बाबा, आमी आत आलो ते ह्याच्याचपायी!

*

आमच्या बराकीत पूर्ण्याचा एक माणूस होता. रेल्वेच्या रुळावर रोजंदारीनं काम केलेला. त्याला सगळे टेशनमास्तर म्हणायचे. जेलात गाड्यांचे भोंगे ऐकू यायचे. हा कान न टवकारता सांगायचा, "मालगाडी हाय. रिकामी चाललीय." न्हाईतर, "ही नांदेडाकडची, आज लेट हाय." घड्याळ नव्हतं, पण मास्तर होता.

एकदा शेषेरावनं त्याला इचारलं, "मास्तर, तुमचा जामीन कधी व्हायचा?"

"झाला की. चार महिने झाले."

"आँ? मग आत काय करायलाव?"

"जामीनदार पायजे. सातबारावाला. आमच्यात कुणाला वीतभर जमीन न्हाई. कोण उभा राहतो?"

आमी दोघांनी एकमेकांकडं बघायचं टाळलं. एका वितीपायी आमी आत, अन् वीतभर न्हाई म्हणून तो आत.

त्याच सांजच्याला एक गाडी गेली. मास्तर बोलला न्हाई. कुणीतरी म्हणलं, "मास्तर, कोणती व्हती?"

म्हणला, "कोणती का असंना. थांबत न्हाई ती."

मी सुटलो तवाबी तो आतच होता.

*

मुलाकातीला आमची कारभारीण आली. मधी काच, कानाला फोन. तिला कमी ऐकू येतं, त्यात तो फोन. मी ओरडायलो अन् मागचा शिपाई माझ्यावर ओरडायला.

म्हणलं, "कशी आलीस?"

"धुरपतीसंगं. एकाच येष्टीनं."

धुरपती म्हणजे शेषेरावची बायको. मी म्हणलं, "तिच्यासंगं? काही खाल्लंस का?"

"व्हय. मव्ह्या भाकरी, तिचा ठेचा. गेटाबाहेर बसून खाल्लं."

"तिच्या हातचं खाल्लंस?"

"मग काय करू? भांडण तुमचं हाय, भूक मव्ही हाय."

पुढं म्हणली, "शेषेरावभावजी वाळलेत का हो?"

म्हणलं, "त्याचं मला इचारू नको."

मग काचेला तोंड लावून म्हणली, "पोराची तारीख आलीय. पंधरा दिवस राहिलेत. भावजींची साक्ष हाय. त्यांना म्हणा, एवढं एक वाक्य. तुमी मोठे हाव, तुमी म्हणा."

तेवढ्यात वेळ संपली अन् फोन बंद पडला. ती पलीकडून बोलतच होती. काय बोलली ते आजवर सांगितलं न्हाई. मीबी इचारलं न्हाई.

*

म्हणायला चार दिवस गेले. पाचव्या दिवशी वांग्याला माती लावता लावता, त्याच्याकडं न बघता म्हणलं, "शेषेराव, पोरगं तिथं नव्हतं."

सुतळीपलीकडून आवाज आला, "मव्हा मेव्हणा तरी कुठं व्हता? तू त्याचं नाव कसं घातलंस?"

"तो हजर व्हता."

"तो भांडण सोडवायला आल्ता! तुव्हं डोकं त्यानं बांधलं, स्वतःच्या उपरण्यानं!"

हे खरं होतं. उपरणं आजूनबी आमच्या घरी हाय. पण मेव्हणा सुटला की! माझं पोरगं अडकलंय.

म्हणलं, "त्याची माफी मी मागतो. तू पोराची माग."

"आधी तू माग."

"मागतो म्हणलं ना!"

"मागतो म्हणणं म्हणजे मागणं न्हवं."

हवालदार लांबून बघत होता. शिपायाला म्हणला, "आता कसं, गप्पा मारत काम करतात!"

*

तारखेला आठ दिवस राहिले अन् मला ताप भरला. जेलाच्या दवाखान्यात टाकलं. पडल्या पडल्या एकच घोर. मेथी माझी कोवळी, ऊन कडक, अन् पाणी कोण देणार? हवालदार? तो तर मेथी उपटून तण ठेवायचा!

सहाव्या दिवशी सोडलं. भिंत धरत धरत प्लॉटवर गेलो. बघतो तर माझी मेथी हिरवीगार! तण काढलेलं, वांग्याला आळी केलेली, पाण्याचा दंड साफ. शेषेराव खाली मान घालून आपल्या बाजूला खुरपत होता.

खोटं कशाला बोलू? तोंडातून 'शेषा' निघणार होतं. लहानपणी मी त्याला शेषा म्हणायचो.

तेवढ्यात सुतळीकडं नजर गेली.

दोन्ही खुंट्या एक वीत माझ्याकडं सरकलेल्या!

मी म्हणलं, "हे काय?"

तो म्हणला, "काय कुठं काय?"

"सहा दिवस पाणी दिलंस, त्याचे उपकार. पण ही वीत?"

त्यानं वर बघितलंच न्हाई. म्हणला, "पाणी काय फुकट येतं का?"

हवालदाराकडं गेलो. तो म्हणला, "बाबा, वीतभर जागेसाठी कुणी भांडतं का?"

*

तारीख आली. शेषेरावला सकाळीच गाडीत बसवून कोर्टात नेलं. जाताना सदरा झटकला, टोपी सारखी केली. माझ्याकडं बघितलं न्हाई. मीबी खुरपं घेऊन निघालो. काय म्हणायचं ते म्हणून झालं होतं.

दिवसभर मी प्लॉटवर. काम काही सुधरंना. वांग्याच्या एकाच आळ्यात तीनदा पाणी ओतलं. दुपारच्या गिनतीला माझ्या जोडीची जागा मोकळी. शिपाई म्हणला, "तुमचा भाऊ कुठाय?" मी म्हणलं, "तारखेला." 'तो माझा भाऊ न्हवं' म्हणायचं ध्यानातच आलं न्हाई.

ऊन कलल्यावर गाडी आली. शेषेराव सरळ प्लॉटवर आला. तोंड उतरलेलं. मी उभा राहिलो. म्हणलं, "काय बोललास?"

तो ओणवा झाला. मोडलेल्या हातानं त्याला जोर लावता येत न्हाई, म्हणून डाव्या हातानं खुंटी हलवायला लागला. हलवून हलवून उपटली. माझ्याकडून घेतलेली वीत मागं सोडली अन् आणखी एक वीत आपल्या रानात गेला. तिथं दगडानं खुंटी ठोकली. मग त्या टोकाला गेला. ती खुंटीबी तशीच उपटली, तशीच ठोकली. सुतळी ताणून बघितली. त्याच्या मेथीची एक अख्खी ओळ माझ्यात आली होती.

मी म्हणलं, "शेषेराव, ही वीत कसली?"

तो म्हणला, "वाफा भरला, बारं मोड तिकडचं. पाणी चाललंय वाया."

तेवढ्यात गिनतीची शिट्टी झाली. आमी जोडीनं जाऊन बसलो.

ती ओळ मी तोडली न्हाई. फुलावर आली, शेंगा धरल्या, वाळली, तरी तोडली न्हाई. हवालदार बोंबलायचा, "बाबा, ही भाजी का काढत नाही?" शेषेराव ऐकायचा अन् खुरपत राहायचा.

पोरगं सुटलं. वकील म्हणतो, माझ्या वकिलीनं सुटलं. असंल! पण निकालात शेषेरावचं ते एक वाक्य लिहिलेलं हाय. वावरातला बांध मात्र हाय तिथंच हाय, कोरलेला. मेव्हण्याची माफी मी त्याच्या दारात जाऊन मागून आलो, उपरणं धुऊन देऊन आलो. त्यानं घेतलं न्हाई, म्हणला राहू द्या. म्हणजे माझ्याकडचं फिटलं.

माझी माफी तेवढी यायची हाय. कुणाकडून, ते वही देणाऱ्या मास्तरनं ठळक लिहून ठेवावं. शेषेराव वल्द रामजी, घर आमच्या घराला लागून, मधी भिंत एकच.